भामाबाई बाहेर जेवायला जातात

मला राग लवकर येतो आणि भूक त्याहून लवकर लागते. माझं माहेर साताऱ्याचं आणि सासर सांगलीचं, म्हणजे एका खाणाऱ्या गावातून उठून दुसऱ्या खाणाऱ्या गावात आले, एवढाच काय तो बदल. साताऱ्याची माणसं कंदी पेढ्यापुढे जगात दुसरं काही आहे हे मान्य करत नाहीत. सांगलीची माणसं सगळं मान्य करतात, पण आधी खाऊन बघतात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सुमंतनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मला संध्याकाळची भेळ खायला नेलं. त्या गाडीपाशी उभ्या उभ्या माझ्या मनानं घेतलं, की या गावाशी आपलं जमणार. सुमंतशी जमायला जरा जास्त वेळ लागला.

बाहेर खाणं हा आमच्या घरात माझा प्रांत. सुमंतला वरणभात मिळाला की तो देवाकडे आणखी काही मागत नाही. मी विश्रामबागच्या एका कॉलेजात शिकवते, आणि कॉलेज सुटल्यावर कुठं काय गरम मिळतं हे मला वेळापत्रकापेक्षा जास्त पाठ आहे. कोणाचा डोसा लोण्यात भिजलेला असतो, कोणाच्या भडंगात लसूण कुरकुरीत राहतो, कोणत्या नव्या एसी हॉटेलात पनीरच्या नावाखाली रबर मिळतं, हे मला विचारूनच आमच्या स्टाफरूममधले लोक घराबाहेर पडतात. सांगली लहान गाव नाही, पण चव बिघडली की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतं, इतपत लहान आहे. मला त्याचाच अभिमान वाटतो.

या सगळ्यात वरचा नंबर भामाबाईंच्या खानावळीचा. मिरज रस्त्यावरून आत गेलं की एका गल्लीत पत्र्याची शेड, चार बाकं, आणि मटणाच्या रश्श्याचा असा वास की माणूस पत्ता न विचारता पोचतो. आमच्या घरात मटण शिजत नाही, म्हणून मी तिथं जाऊन खाते. भामाबाई जतकडच्या धनगर. नवरा लवकर गेला, तेव्हा मेंढरं विकली आणि कडेवरच्या लेकीला घेऊन सांगलीत आल्या. त्यांच्या रश्श्याला तेलाचा तवंग नसतो, नुसता तिखटपणाही नसतो. पहिल्या घोटाला जिभेला कळतो आणि तिसऱ्या घोटाला पोटाला. मी मोठमोठ्या हॉटेलांत जेवलेली बाई आहे, पण तसा रस्सा मला कुठं मिळालेला नाही.

आणि या बाईनं उभ्या आयुष्यात कधी बाहेर पाऊल टाकून काही खाल्लं नव्हतं. वडा नाही, चहाबरोबर खारी नाही, जत्रेतली भजीसुद्धा नाही. हे मला स्वप्नालीनं सांगितलं.

स्वप्नाली म्हणजे ती कडेवरची लेक. भामाबाईंनी तिला बी.कॉम. केलं ते थंडगार ऑफिसात खुर्चीवर बसण्यासाठी. पोरीनं पदवी घेतली, आईच्या हातात ठेवली, आणि महाबळेश्वरला जाऊन एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. कांदे चिरण्यापासून सुरुवात करून ती वर चढली. गेल्या दिवाळीत विश्रामबागला एक झोकदार हॉटेल सुरू झालं, तिथली मुख्य शेफ म्हणून परत आली. मी पहिल्याच आठवड्यात जाऊन जेवून आले आणि दोन दिवस दुसऱ्या कशाबद्दल बोलले नाही. भामाबाई मात्र एकच वाक्य बोलल्या होत्या. "चुलीपास्नं सुटावी म्हनून शिकिवली, आन ही परत चुलीपाशीच जाऊन हुबी ऱ्हायली." त्यानंतर तो विषय त्यांनी काढलाच नाही. मायलेकी एकाच घरात राहायच्या, पण भामाबाई घरातसुद्धा स्वप्नालीला चुलीला हात लावू द्यायच्या नाहीत, आणि तिच्या हॉटेलाच्या रस्त्यानंही जायच्या नाहीत.

एके दिवशी स्वप्नाली कॉलेजच्या फाटकापाशी माझी वाट बघत उभी होती.

"काकू, आईला एकदा माझ्याकडं आणा. माझ्या हातचं एकदा जेवू दे तिला. वाईट झालंय म्हणाली तरी चालेल."

"तूच सांग की तिला."

"मी विषय काढला की ती उठून भांडी घासायला लागते." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "महाबळेश्वरचे मालक परत बोलावतायत. मी इथं आले ती आईसाठी. पण रोज सकाळी तिच्यासमोरून चोरासारखं घराबाहेर पडायचं असेल, तर तिकडंच बरं. महिनाअखेर कळवते म्हणून सांगितलंय मी त्यांना."

म्हणजे प्रश्न एका जेवणाचा होता, आणि जेवणाच्या प्रश्नात मी हार मानत नाही.

भामाबाईंना थेट त्या हॉटेलात न्यायचं म्हणजे पोहायला न येणाऱ्याला डोहात ढकलण्यासारखं होतं. मी आधी सवय लावायचं ठरवलं. सोमवारी खानावळ बंद, कारण सोमवारी मटण खाणार कोण? त्या सोमवारी सकाळी मी त्यांच्या दारात रिक्षा उभी केली.

"हाटेलात? मी?" भामाबाईंनी पदर कमरेला खोचला. "आवं बाई, मला काय हात न्हाईत व्हय?"

"हात आहेत म्हणूनच. आज त्यांना सुट्टी."

मिसळीच्या ठिकाणी तोबा गर्दी होती. आम्हाला कोपऱ्यातलं टेबल मिळालं. तर्रीदार कट, वर शेव, बाजूला ब्रेडचे जाड तुकडे, चिरलेला कांदा. भामाबाईंनी आधी वाटीवर वाकून वास घेतला, मग कटात ब्रेड बुडवून तोंडात टाकला, आणि डोळे मिटले. "मसाला खोबऱ्याचा हाय," त्या म्हणाल्या, "आन गड्यानं घाई न्हाई केली." मला त्यांचा मुका घ्यावासा वाटला. चांगल्या खाणाऱ्याबरोबर बसण्यासारखं सुख नाही.

पण ते सुख फार टिकलं नाही. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब बसलं होतं, त्यांच्या वाट्यांतला कट संपला होता. वाढपी दुसरीकडे अडकलेला. भामाबाईंची चुळबुळ सुरू झाली. मी ब्रेड मागवायला मान वळवली तेवढ्यात त्या उठल्या, काउंटरवरची कटाची किटली उचलली आणि त्या कुटुंबाला वाढून मोकळ्या झाल्या. तिथंच थांबाव्यात की नाही? मग पुढचं टेबल, त्याच्या पुढचं टेबल. "घ्या की, लाजताय कशापायी? पोराला कमी तिखटाचं द्या जरा." लोकही वाट्या पुढे करत होते. मालक गल्ल्यावरून उठून आला तेव्हा त्याला वाटलं, कोणीतरी नवीन बाई कामावर लागलीय. मी खुलासा केल्यावर तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "मॅडम, ऱ्हाऊ दे की हिकडंच मावशी. निम्मं काम झालं माझं."

रिक्षात मी त्यांच्यावर चांगलीच चिडले. "भामाबाई, बाहेर गेलं की आपण फक्त खायचं असतं."

"पर त्येंची वाटी रिकामी हुती," त्या म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी लोणी डोसा. तिथं त्या तव्यासमोरून हलेनात. तव्यावर पाणी चरचरलं, वाटी गोल फिरली, पीठ कागदासारखं पसरलं, वर लोण्याचा गोळा घसरत गेला. "काय हात हाय गड्याचा," भामाबाई उघड्या तोंडानं म्हणत होत्या. डोसेवाल्यानंही मग लाडात येऊन त्यांना कडक, कडेनं लाल झालेला डोसा करून दिला. संध्याकाळी आम्ही भेळ खाल्ली. कैरी नुकतीच बाजारात आली होती, तिचा कीस वरून टाकलेला, आणि खाली आमच्या सांगलीचा कुरमुरा. भामाबाईंनी कागद चाटायचा तेवढा बाकी ठेवला. या वेळी त्यांनी वाढलं कोणाला नाही, फक्त भेळवाल्याला त्याची कोथिंबीर निवडून दिली. प्रगती होती.

तिसऱ्या सोमवारी मी त्यांना विश्रामबागच्या एका कॉफीच्या दुकानात नेलं. काचेची भिंत, गुबगुबीत कोच, मंद गाणं. कॉफी मलाही महाग वाटते, पण तिथं मिळणारा दालचिनीचा केक मी सोडू शकत नाही. शेजारी कॉलेजच्या तीनचार मुली लॅपटॉप उघडून बसल्या होत्या. कपावर कप येत होते, गप्पा चालल्या होत्या. भामाबाई केकचा तुकडा हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता उठतात आणि त्यांचे कप विसळायला घेऊन जातात. पण त्या उठल्या नाहीत.

"ह्या पोरी बसून खात्यात," त्या हळूच म्हणाल्या. "कुनी ह्यास्नी मधीच उठवत न्हाई. गरम हाय तवर खात्यात." मग थोड्या वेळानं, "माझी स्वप्नी अशी बसायची हुती बगा. दुसरं काय मागितलं न्हवतं मी."

मी एवढंच म्हटलं, "पुढच्या सोमवारी तिच्याकडे जाऊ." भामाबाईंनी केक संपवला, बोटं पदराला पुसली आणि म्हणाल्या, "बगू." त्यांच्या भाषेत याचा अर्थ हो असाही होतो.

झालाही. त्या सोमवारी संध्याकाळी त्या हिरवं इरकल नेसून दारात तयार होत्या. डोक्यावर पदर, कपाळावर नुसतं गोंदण.

ते हॉटेल म्हणजे खरंच देखणं आहे. जिना चढून वर गेलं की लांबलचक दालन, भिंतीवर नुसता मातीचा रंग, प्रत्येक टेबलावर छोटी पितळी समई, पण विजेची. खुर्च्यांना मऊ गादी. पाणीसुद्धा वाळ्याच्या वासाचं. सांगलीत असं काही होईल असं दहा वर्षांपूर्वी कोणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आणि इतकं झगमग करूनही स्वप्नालीनं ताटात परकं काही ठेवलेलं नाही, हे मला सगळ्यात जास्त आवडतं.

पहिल्यांदा आलं हुलग्याचं माडगं. जतकडं थंडीत न्याहरीला घरोघर पितात तेच, पण इथं छोट्या काळ्या कुल्हडात, वर लसणाची तुपातली फोडणी. मी एका दमात प्यायले. मग आली तळहाताएवढी बाजरीची भाकरी, फुगलेली, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. हरभऱ्याच्या पाल्याची कोरडी भाजी, तव्यावर खरपूस झालेली. कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत, त्यात कच्च्या कांद्याची पात. शेंगदाण्याची आमटी इतकी तलम की चमच्यावरून रेशमासारखी ओघळत होती. मी जेवत होते आणि मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते. एवढ्याशा पोरीनं दुष्काळी माणदेशाची शिदोरी उचलून पितळी समईच्या उजेडात आणून बसवली होती, आणि तिचा एक कणही बिघडू दिला नव्हता.

समोर पाहिलं तर भामाबाईंचं ताट जसंच्या तसं.

माडग्यावर साय धरली होती. भाकरीवरचं लोणी वितळून बाजूला आलं होतं. भामाबाई हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या, कोणाला वाढायला उठत नव्हत्या आणि घासही घेत नव्हत्या. वाढपी दोनदा येऊन बघून गेला. स्वयंपाकघराच्या दाराला गोल काच आहे, तिच्यामागे स्वप्नालीचा चेहरा दिसला आणि नाहीसा झाला.

"भामाबाई, खा की."

"तुमी खावा."

"गार होतंय सगळं."

"हू दे."

माझा पारा चढला. "हे काय चाललंय? पोरीनं जीव ओतून केलंय, आणि तुम्ही रुसून बसलाय? ती निघालीय परत महाबळेश्वरला, माहीत आहे? तुम्ही तिचं तोंड बघत नाही म्हणून निघालीय. एक घास खाल्लात तर काय बिघडेल तुमचं?"

आजूबाजूचे लोक बघायला लागले. भामाबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या काचेच्या दाराकडे बघत होत्या. दार उघडून स्वप्नाली बाहेर आली. पांढरा कोट, केसांवर टोपी. टेबलाशी येऊन ती उभी राहिली, आणि तिचा आवाज एकदम शाळेतल्या मुलीसारखा झाला.

"आये, आवडलं न्हाई?"

"खाल्लंच न्हाई, आवडंल कशानं?"

"का न्हाई खाल्लंस?"

भामाबाईंनी मान वर केली. "तू जेवलीस का?"

"व्हय. जेवले."

"खोटं बोलू नगंस माझ्यापाशी. रांधनारी कवा जेवती, त्ये मला शिकवू नगंस. समद्यांची पोटं भरल्यावर. भांड्याच्या बुडाला ऱ्हाईल त्ये, उभ्या उभ्या, गार झाल्यालं. कवा त्ये बी न्हाई. मी जलमभर तसंच खाल्लं. तू तिकडं जाळापाशी उपाशी हुबी, आन मी हितं गादीवर बसून लोनी-भाकरी खाऊ? माझ्या घशाखाली उतरंल का गं त्ये?"

माझ्या हातातला घास तसाच राहिला. माझ्या रागाचं पार पाणी झालं. मी त्या बाईच्या हातचं इतकी वर्षं खाल्लं, बोटं चाटून खाल्लं, आणि ती कधी जेवते हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

स्वप्नाली आईच्या खुर्चीपाशी खाली बसली, गुडघ्यावर.

"आये, मी पाच वाजता जेवले. गरम. बसून."

"एकलीच?"

"न्हाई. समद्यांसंगं. हितं गिऱ्हाईक यायच्या आधी आमी समदी जेवतो. कांदे चिरनारा, वाढपी, भांड्यावरच्या राहीबाई, समदी. तवर दार उघडत न्हाई. पयल्या दिशीच मालकास्नी सांगितलं, ह्ये चालनार आसंल तर मी येती, न्हाईतर दुसरी बगा."

"असं का सांगितलंस?"

"तुला बगत मोठी झाले म्हनून."

भामाबाई उठल्या. "दाव."

स्वप्नाली त्यांना आत घेऊन गेली. मीही मागोमाग गेले, मला कोणी बोलावलं नव्हतं तरी. आत चकचकीत शेगड्या, वाफ, तव्याचा आवाज. मागच्या भिंतीला खिडकीखाली एक लांब टेबल होतं आणि दोन्ही बाजूंना बाकं. भामाबाईंनी टेबलावर तळहात फिरवला. बाकावर हात फिरवला. कोपऱ्यात एक बाई पाण्यात हात घालून भांडी घासत होती, तिच्याकडे वळल्या.

"तुमी राहीबाई व्हय? ही म्हंती त्ये खरं हाय?"

"व्हय की वो," राहीबाई म्हणाल्या. "मी येऊन बसल्याबिगर कुनाला घास घिऊ देत न्हाई ही. पयल्यांदा मला लय लाज वाटायची. आता पाचाच्या आधीच भूक लागती."

"आज काय हुतं?"

"पिटलं, भाकरी आन दही."

भामाबाई लेकीकडे वळल्या. "किती खाल्लीस?"

"दीड भाकरी."

"दीड?"

"व्हय. आन दही दोनदा घेतलं."

भामाबाईंच्या तोंडावर काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही. मोठ्यांच्या आधी जेवलेल्या पोरीला आमच्याकडं बोलणी बसतात. भामाबाईंनी मात्र स्वप्नालीच्या पोटावरून, कोटावरूनच, हात फिरवला, तान्ह्या पोराच्या पोटावरून फिरवतात तसा. मग बाकावर बसल्या, अगदी मधोमध, पाय वर घेऊन, पदर सावरून.

"म्हाबळेश्वरला जायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "तू गेल्यावर ह्या राहीबाईला वेळंवर कोन जेवाय घालंल?"

स्वप्नालीनं होकारार्थी मान हलवली.

"मग वाड मला. भूक लागलीया."

इतक्या वर्षांत भामाबाईंच्या तोंडून हे मी कधी ऐकलं नव्हतं. स्वप्नालीनं नवी भाकरी थापली, तव्यावर टाकली, फुगल्यावर हातानंच उचलून आईच्या ताटात ठेवली. लोणी घातलं, आमटी वाढली. भामाबाईंनी भाकरी मोडली, वाफ निघाली, आणि ती विरायच्या आत त्यांनी पहिला घास घेतला. मग दुसरा. त्या घाई न करता जेवत होत्या. लेक समोर उभी होती, पण तू पण बस, तू पण खा, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. ती जेवलेली होती.